मुक्कामाची जागा

घाटंजीच्या सागवानी जंगलात रात्र काढायची म्हणून आम्ही मित्र जागा शोधत होतो. खिंडीच्या तोंडाशी सपाट जमीन होती, शेजारी ओढा. सगळ्यांना ती पसंत पडली. तेवढ्यात गुरे परतवणारा गुराखी म्हणाला, “इथं नोका उतरू भाऊ, ही त्याची वाट हाये.” आम्ही गावाकडे सरकलो.

प्रवासात रात्री वाट सोडून उतरावे, कारण ती जनावरांची वाट असते, अशा अर्थाची हदीस ‘सहीह मुस्लिम’मध्ये आहे. आम्ही तिला आजवर सावधगिरीचा सल्ला समजत होतो. त्या रात्री तिच्यात जनावरांच्या हक्काची कबुलीही दिसली.

घाटंजी आणि केळापूर तालुक्यांतले टिपेश्वर अभयारण्य अवघे १४८ चौरस किलोमीटरचे. २०१९ मध्ये तिथून निघालेला एक तरुण वाघ १३०० किलोमीटरहून अधिक चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. अशा वाटसरूच्या खिंडीत, पाणवठ्यावर तंबू ठोकणे म्हणजे त्याची वाट अडवणेच.

पण हक्काची गोष्ट वाघापाशी संपत नाही. २०१६ ते २०१८ या काळात पांढरकवडा-राळेगाव भागात वाघाच्या हल्ल्यांत दहाहून अधिक माणसे गेली. ती तिथे सहलीला गेली नव्हती. त्यांचे पोट त्या रानावर होते. जागा निवडता येणे हीच आमची श्रीमंती आहे, हे आम्हांला उशिरा उमगले. वाघाला वाट देण्याचे पुण्य आम्ही घ्यायचे आणि त्याची किंमत गुराख्याने मोजायची, हा कुठला इन्साफ?

सकाळी आम्ही तंबू गुंडाळले. तो गुराखी गुरे घेऊन पुन्हा त्याच खिंडीकडे निघाला होता.