पंक्चर काढणे आणि काटा काढणे



गुडघ्यांनी माझे कीर्तन सोडवले, त्याला आता काही वर्षे झाली. तरी ओसरीवर येऊन बसणारी माणसे आहेत, आणि त्यांत तरुण टाळकरी जास्त. त्यांचा एक प्रश्न फिरून फिरून येतो. "महाराज, दिंडीत कुणाचा दोष दिसला आणि बोललो तर ती निंदा होते. निंदा करू नये हे तर तुम्हीच सांगत आलात. न बोलावे तर दोष वाढत जातो. मग आम्ही करायचे काय?"

माउली, प्रश्न तुमच्याही मनात असेल. आधी एक गैरसमज दूर करतो. तुकोबांनी निंदकाला परटाहून भला म्हटले आहे, असे सांगून काही जण मोठ्या उत्साहाने दुसऱ्याचे मळ धुवायला निघतात. पण ते बोलणे, ज्याची निंदा होते त्याने स्वतःशी म्हणायचे आहे. निंदकाने छातीवर लावून मिरवायचे ते बिरुद नव्हे. तेव्हा त्या आधारावर कुणी जाऊ नये.

मला या प्रश्नाची उकल पंक्चरच्या दुकानात जास्त स्पष्ट दिसते. हसू नका. सावता महाराजांना मळ्यात जे दिसले आणि गोरोबाकाकांना चिखलात जे दिसले, ते आपल्याला डांबरी रस्त्याच्या कडेला दिसू नये असा काही नियम नाही. आणि वारीच्या वाटेवर, लोणंद सोडून तरडगावकडे निघाले की, सामानाचे ट्रक, पाण्याचे टँकर आणि वृद्धांना आणणाऱ्या मोटारी यांची इतकी दाटी असते की कुणाचे तरी चाक बसलेलेच असते. मी अशा ठिकाणी सावलीला बसून तास तास घालवले आहेत. कारागिराचा हात चालताना पाहणे हाही एक सत्संगच आहे.

तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल, तरी पुन्हा पाहा. मोटार थांबली की आधी दुसऱ्या चाकांखाली दगड लावतात, गाडी सरकू नये म्हणून. मग चाक जमिनीवर असतानाच पान्याने नट थोडे सैल करतात, कारण चाक वर उचलल्यावर ते हातासरशी फिरते आणि नट निघत नाहीत. त्यानंतर जॅक. चाक काढले, स्टेपनी चढवली, नट समोरासमोरचे आवळत गेले, म्हणजे चाक वाकडे बसत नाही. हे झाले ड्रायव्हरचे काम. पंक्चरवाल्याचे काम इथून सुरू होते.

जुन्या पद्धतीच्या टायरात ट्यूब असते. तो लोखंडी पट्ट्यांनी टायर रिमवरून सोडवतो, ट्यूब बाहेर ओढतो, तिच्यात हवा भरतो आणि पाण्याच्या टाकीत थोडी थोडी करून बुडवत फिरवतो. छिद्र डोळ्यांना दिसत नाही. पाण्यात बुडबुडे आले की कळते. तिथे तो खूण करतो. बाकीची ट्यूब भली मोठी पडली आहे, तिच्यावर जुनी ठिगळे आहेत, रंग उडाला आहे, पण त्याविषयी तो एक शब्द बोलत नाही. खूण करतो ती छिद्रापुरती.

मग ती जागा पुसून कोरडी करतो आणि कानशीने घासतो. गुळगुळीत रबरावर ठिगळ धरत नाही, ते जरा खरवडावेच लागते. पण खरवडतो ते ठिगळाएवढेच, जास्त घासले तर ट्यूब पातळ होते. सोल्युशन लावतो आणि थांबतो. नवशिका इथे फसतो, ओल्यावरच ठिगळ दाबतो. जुना कारागीर फुंकर मारतो, बोटाने चाचपतो, ते चिकट आणि कोरडे झाले की मगच ठिगळ बसवतो, ठोकतो, आणि पुन्हा एकदा पाण्यात बुडवून बघतो.

आणि आता जे करतो ते नीट बघा. ट्यूब परत घालण्याआधी तो टायरच्या आत हात घालतो आणि बोटे सावकाश सगळ्या कडेने फिरवतो. कशासाठी? खिळा अजून टायरातच असतो म्हणून. तो राहिला तर दुरुस्त केलेली ट्यूब पुढच्या मैलात पुन्हा फाटणार, आणि लोक ठिगळाला नावे ठेवणार. खिळा सापडला की पकडीने ओढून काढतो. मग ट्यूब आत, टायर रिमवर, आणि मग शेवटी हवा. लहान मोटारीला साधारण तीस-बत्तीस पौंड.

हवेवर रूपक करण्याचा मोह कीर्तनकाराला आवरत नाही. हवा म्हटली की अभिमान, फुगलेला माणूस, असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. इथे मात्र ते लागू नाही. सारी गाडी त्या हवेवरच तोललेली आहे. बेलफास्टमध्ये डनलॉप नावाच्या पशुवैद्याने १८८८ साली आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेची नळी बसवली, ती त्याला धक्के बसू नयेत म्हणून. तेव्हा हवा म्हणजे इथे माणसाची अब्रू समजा. तिच्यावर तो चालतो, धक्के सोसतो. ती सगळी काढून घेतली आणि तरी त्याला चालायला लावले, तर चाक रिमवर घासते आणि मूळ छिद्र सुईएवढे असले तरी टायर कडेने कापून निघतो. भर दिंडीत ज्याचा पाणउतारा केला तो माणूस पुढे कसा चालतो, हे आठवून पाहा.

आपली मराठी मोठी चतुर आहे. पंक्चर 'काढले' म्हणतो, काटाही 'काढला' म्हणतो. पायातला काटा काढणे ही सेवा. एखाद्याचा काटा काढणे म्हणजे त्यालाच वाटेतून नाहीसा करणे. क्रियापद एकच. तरुण मंडळींनी दोष बोलण्याआधी स्वतःला एवढेच विचारावे की आपण याच्या पायातला काढतो आहोत की याचाच काढतो आहोत. उत्तर फार लवकर येते, फक्त ते ऐकवत नाही.

एका दिंडीतली हकीकत सांगतो. दिंडीचे नाव आणि माणसाचे नाव सांगत नाही. ज्या म्हातारीने मला सांगितली ती आता वैकुंठवासी आहे.

त्या दिंडीत एक मृदंगी होता. हात असा गोड, की हरिपाठाला दुसऱ्या दिंडीतली माणसे येऊन उभी राहत. गळ्यात माळ. आणि त्या वर्षी तो प्यायला लागला होता. रात्री उशिरा तंबूत यायचा, सकाळी डोळे तांबारलेले. वाटेत कुजबुज सुरू झाली. सासवडला दोघे बोलत होते, जेजुरीला दहा, वाल्ह्यापर्यंत पंगतीत बसलेला प्रत्येक जण. सगळ्यांना छिद्र ठाऊक होते, बुडबुडेही येत होते. ठिगळाचा तुकडा मात्र कुणाच्या हातात नव्हता. कुणी म्हणाले, माळ उतरवून हाकलून द्या. कुणी म्हणाले, पंढरपूरपर्यंत वाजवू दे, असा हात पुन्हा मिळणार नाही. या दुसऱ्या मताचा मला जास्त राग येतो. त्यात त्या माणसाचा विचारच नाही, पखवाजाचा आहे.

लोणंदच्या मुक्कामी ही म्हातारी भांडी घासत होती. डोक्यावर तुळस घेऊन चालणारी, अक्षरओळख नसलेली. तो पाणी प्यायला आला. आसपास कुणी नव्हते. ती म्हणाली, "बाळा, तुझ्या तोंडाला वास येतो." तो गप्प. मग ती म्हणाली, "कशापायी पितोस?"

दिंडीतल्या पन्नास माणसांत हा दुसरा प्रश्न एकालाही सुचला नव्हता. त्याने सांगितले. मुलीच्या लग्नाला सावकाराकडून पैसे घेतले होते, व्याज मुदलाच्या वर गेले, शेताचा तुकडा जाणार होता, आणि घरी अजून कुणाला माहीत नव्हते. खिळा तो होता. म्हातारीने त्याला विचारून, त्याच्या संमतीनेच, दिंडीच्या चालकांच्या कानावर घातले. वारीनंतर गावातले चार शहाणे सावकारासमोर जाऊन बसले आणि काही तोडगा निघाला. मृदंग्याने त्या वर्षी आपणहून पखवाज खाली ठेवला आणि उरलेली वाट पाण्याच्या टँकरवर काम केले. पुढच्या आषाढीला पंढरपुरात चंद्रभागेचे स्नान करून त्याने माळ पुन्हा घेतली. मध्ये एकदा पाय घसरला, तेही म्हातारीने मला सांगितले, लपवले नाही. ठिगळ लावलेली ट्यूब नवी होत नाही, तिच्याकडे लक्ष ठेवावे लागते. पण ती गाडी ओढते.

आणि दिंडीने शेवटची गोष्टही केली, जी बहुतेक ठिकाणी राहून जाते. त्याला पुन्हा चाल धरायला सांगितली, सगळ्यांसमोर. हवा भरली. दोष झाकून सुधारलेला माणूस आणि दोष सुधारूनही कोपऱ्यात बसवून ठेवलेला माणूस, दोन्ही मी पाहिले आहेत. दुसऱ्याचे हाल जास्त.

आता कुणी म्हणेल, महाराज, हे फार गोड झाले. प्रत्येकाला एकांतात हळूच सांगायचे, म्हणजे लबाडांचे फावले. बरोबर आहे. म्हणून पंक्चरवाल्याचा दुसरा नियम ऐका. हल्लीच्या मोटारींना ट्यूब नसते. त्या टायरात खिळा घुसला तरी हवा लगेच जात नाही, खिळाच छिद्र धरून बसतो आणि गाडी कितीतरी अंतर चालते. दुकानात तो साबणाचे पाणी टाकून जागा शोधतो, खिळा पकडीने ओढतो, टोच्याने भोक साफ करतो आणि सोल्युशन लावलेली रबरी वात सुईने आत दाबतो. दहा मिनिटांचे काम. पण खिळा टायरच्या बाजूच्या भिंतीत असेल, तर प्रामाणिक कारागीर हात लावत नाही. टायर बदला म्हणतो. तुम्ही दुप्पट पैसे देऊ केलेत तरी तेच. का? रस्त्याला टेकणारा भाग जाड आणि भक्कम असतो, वात धरून ठेवतो. भिंत प्रत्येक फेऱ्याला वाकते आणि सरळ होते, तिथे ठिगळ टिकत नाही, आणि सुटले तर गाडी वेगात असताना सुटते. आत बसलेल्या सगळ्यांना घेऊन.

दिंडीत अशा भिंती कोणत्या? अन्नदानाचा पैसा ही एक. ज्याने तो खाल्ला, त्याला एकांतात सांगून भागत नाही. हिशोब सगळ्यांसमोर मांडला पाहिजे, कारण पैसा सगळ्यांचा आहे. नामापासून कुणाला दूर करता येत नाही, पण पेटीच्या किल्लीपासून करता येते, आणि केलेच पाहिजे. दुसरी भिंत म्हणजे बायामुलींची आणि लेकरांची सुरक्षितता. तिथे कुणी वाकडे वागले तर 'दिंडीची बदनामी होईल' हा शब्द तोंडातून काढू नका. पालखीबरोबर पोलीस असतात, सरळ त्यांच्याकडे जा. ज्याने सोसले त्याला गप्प बसवून दिंडीचा मान राखणे, हे मी कुठल्या संताच्या चरित्रात वाचलेले नाही.

शहरांतून अशाही तक्रारी येतात की रस्त्यावर खिळे टाकायचे आणि पुढच्या वळणावर पंक्चरचे दुकान उघडून बसायचे. या धंद्याची माणसे आपल्यातही आहेत. आधी एखाद्याला टोचायचे, तो चिडला की 'बघा, किती राग' म्हणून त्याला उपदेश करायला बसायचे. त्यांच्याविषयी जास्त लिहीत नाही, तुम्ही ओळखता.

मात्र एक शंका उरते. नीट सांगितले, एकांतात सांगितले, प्रेमाने सांगितले, आणि समोरचा रागावला तर?

रागावेलच. गोरोबाकाकांच्या घरी संतमेळा जमला होता, तेव्हा मुक्ताईच्या सांगण्यावरून काकांनी थापटणे हातात घेतले आणि मडकी तपासावीत तशी एकेकाच्या डोक्यावर थाप मारली. सगळे शांत बसले. नामदेव मात्र कळवळले, आणि काकांनी सांगितले, हे मडके कच्चे. कोणाला सांगितले हे? ज्याच्या हातचा नैवेद्य पांडुरंग जेवला त्याला. नामदेव रुसले आणि गाऱ्हाणे घेऊन पंढरीला गेले. तिथे लाडक्या भक्ताची बाजू घेतली जाईल असे त्यांना वाटले होते. देवाने गोरोबांना बोल लावला नाही, नामदेवांना गुरू करण्यास सांगितले. परंपरा म्हणते की ते औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांपाशी गेले.

कुंभार मडके घडवताना बाहेरून थापटतो, तेव्हा आतून त्याच्या दुसऱ्या हाताचा आधार असतो. आधार नसेल तर कच्ची माती आत बसते. काकांचा तो आतला हात त्या दिवशी नामदेवांना दिसला नाही. किती दिवसांनी दिसला, ते कथा सांगत नाही. पण कथा इथवर पोहोचली ती नामदेवांना उणे ठरवणारी म्हणून नव्हे. पंढरीच्या महाद्वारात पहिली पायरी त्यांचीच आहे, आणि तिच्यावर पाय पडू नये म्हणून आपण सगळे तिथे जपून, वाकून आत जातो.