चोवीस गुरूंची शाळा आपल्याच बांधावर

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष महिना लागला की आपल्या भंडारा जिल्ह्यात दोन गोष्टी बरोबरच घरात येतात. एक म्हणजे चुरून झालेलं नवं धान, आणि दुसरी म्हणजे दत्तजयंतीच्या सप्ताहाची हाक. बांधीतलं काम थोडं हलकं होतं, आणि मंडळी गुरुचरित्राच्या पारायणाला बसतात. सात दिवस सोवळं-ओवळं, एकभुक्त राहणं, भुईवर झोपणं. पौर्णिमेला सायंकाळी जन्म होतो, पाळणा हलतो, सुंठवडा वाटला जातो. सगळं यथासांग होतं. प्रश्न एवढाच, की पोथी बासनात बांधून ठेवली की पुढे काय? सात दिवस जे वाचलं, ते पुढल्या तीनशे अठ्ठावन्न दिवसांत कुठे दिसतं का?

या प्रश्नाचं उत्तर प्रत्यक्ष दत्तप्रभूंच्या चरित्रातच आहे. श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात भगवान श्रीकृष्ण उद्धवाला यदुराजाची आणि अवधूताची कथा सांगतात. यदु राजा आहे, त्याच्यापाशी सगळं आहे, पण समाधान नाही. आणि समोरचा अवधूत अंगावर धड वस्त्र नसताना आनंदात आहे. राजानं विचारलं, महाराज, हा आनंद तुम्हाला कुणी दिला? अवधूतानं एका गुरूचं नाव सांगितलं नाही. चोवीस सांगितली! पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य इथून सुरुवात केली आणि कबुतर, अजगर, मधमाशी, हत्ती, हरीण, मासा, साप, कोळी, कुंभारमाशी इथपर्यंत नेली. त्यात पिंगला आहे, लहान मूल आहे, बाण करणारा कारागीर आहे.

आता बघा हं, ही यादी नीट ऐका. यातला एक तरी गुरू आपल्या जिल्ह्यात भेटत नाही असं आहे का? एक समुद्र तेवढा लांब आहे. बाकी सगळे आपल्या बांधावर, तलावाच्या पाळीवर, नाहीतर नागझिरा-कोक्याच्या जंगलात बसलेलेच आहेत. शाळा उघडी आहे, गुरुजी हजर आहेत. गैरहजर कोण, ते आपलं आपण ओळखावं. आज त्यातल्या चार गुरूंपाशी थोडं थोडं बसू.

पहिला गुरू पाणी. अवधूत म्हणतो, पाणी स्वभावानंच निर्मळ असतं, आणि जो जवळ येईल त्यालाही निर्मळ करतं. साधूनं तसं असावं. आपला जिल्हा तर पाण्याचाच. वैनगंगा आहे, आणि गावोगावचे तलाव-बोड्या आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या जाणत्या लोकांनी जमिनीचा उतार ओळखून पाळी बांधल्या, वरच्या तलावाचं जास्तीचं पाणी खालच्या तलावात जाईल अशी सोय केली. हातात ना नकाशा, ना यंत्र. पुढे हे तलाव मालगुजारांकडे होते. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि ‘माजी मालगुजारी’ या लांब नावाचं ‘मामा तलाव’ होऊन बसलं. नाव मामाचं, पण माया मात्र आटली. पूर्वी गाव गाळ काढायला, पाळ दुरुस्त करायला उतरायचं. आता तलाव ‘सरकारचा’ म्हणून कुणाचाच नाही. त्यात गाळ भरला, बेशरमची झाडं माजली.

आणि वैनगंगामाय? अंभोऱ्याला पाच नद्यांचा संगम आहे. चैतन्येश्वराचं स्थान आहे. मुकुंदराजांनी शके 1110 मध्ये, म्हणजे 1188 साली, मराठीतला आद्य ग्रंथ मानला जाणारा ‘विवेकसिंधु’ याच ठिकाणी लिहिला, अशी आपल्या भागाची श्रद्धा आहे. त्याच अंभोऱ्याजवळ आज काय येऊन मिळतं? नागपूर शहराचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये येतं आणि कन्हानमधून आपल्या वैनगंगेत. जिच्या काठी विवेकाचा ग्रंथ झाला, तिच्यात आपण अविवेक सोडतो. नागपूरकरांना नावं ठेवून मोकळं होता येणार नाही. आपल्या गावचं निर्माल्य, प्लॅस्टिकच्या पिशव्या, रंग दिलेल्या मूर्ती कुठं जातात? पाणी आपल्याला निर्मळ करतं, हे गुरूचं वचन. पण गुरूच्याच अंगावर चिखल फेकून ‘मला पावन कर’ म्हणणाऱ्याला शिष्य कसं म्हणावं?

आशेची गोष्टही सांगतो. शेजारच्या अर्जुनी-मोरगाव भागात ढिवर समाजाच्या बायाबापड्यांनी तलावात उतरून बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती लावल्या आणि मरळीसारख्या देशी माशांना पुन्हा आसरा दिला. पाणवनस्पती आली की मासा अंडी घालतो, मासा आला की पाखरू येतं. कुणाला ते मासेमारीचं काम वाटेल. मला ती जलदेवतेची पूजाच वाटते.

दुसरा गुरू मासा. भागवतात मासा आला आहे तो जिभेची गोष्ट शिकवायला. गळाला लावलेल्या आमिषाच्या चवीला मासा भुलतो आणि जीव गमावतो. अवधूत म्हणतो, बाकीची इंद्रियं जिंकली तरी जोवर जीभ जिंकली नाही, तोवर काही जिंकलं नाही. उपास केला की इतर इंद्रियं थंड होतात, पण जीभ उलट जास्तच वळवळते! एकादशीला साबुदाण्यावर ताव मारणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

पण आपल्या विदर्भातला गळ साबुदाण्याचा नाही. तो खर्र्याचा आहे. पन्नीत घोटलेली सुपारी, तंबाखू आणि चुना. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, पण खर्रा पानठेल्यावर डोळ्यांदेखत घोटला जातो. सुपारीनं गालाची आतली कातडी हळूहळू ताठर होते. आधी तिखट लागेनासं होतं, म्हणजे झोंबतं. मग तोंड उघडेनासं होतं. चार बोटं जाणाऱ्या तोंडात दोन जातात, मग एक. त्यापुढे कर्करोगाची वाट मोकळी. ज्या मुखानं ‘दिगंबरा दिगंबरा’ म्हणायचं, ते मुख उघडतच नसेल तर नाम घ्यायचं कसं? सप्ताहात सात दिवस खर्रा सोडणारे कितीतरी जण असतात. म्हणजे सोडता येतो, हे तुम्ही स्वतःच सिद्ध केलं! मग आठव्या दिवशी पन्नी पुन्हा हातात का? सात दिवस पोथीला घाबरलात. आठव्या दिवशी आपल्या लेकराबाळांसाठी तेवढंच जपा, एवढंच म्हणणं आहे.

तिसरा गुरू बाण करणारा कारागीर. तो बाणाचं टोक घडवण्यात इतका रंगला होता, की जवळून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला पत्ता नाही. आपलं भंडारा पितळी भांड्यांचं गाव. रतनपूरच्या जुन्या शिलालेखात त्याचा ‘भाणारा’ असा उल्लेख आहे. पितळेच्या पत्र्यावर हातोडी पडत असते, शेजारी बोललेलं ऐकू येत नाही, पण ठोका एक केसभर चुकत नाही. तीच गोष्ट कोशाच्या मागावर बसणाऱ्या विणकराची. करवतकाठीचे दाते एकसारखे उतरतात ते ध्यानाशिवाय नव्हे. त्यांना कुणी योगी म्हणत नाही, पण अवधूतानं अशालाच गुरू म्हटलं.

आता छंदाचं बघा. आपल्या बोलण्यात दोन शब्द आहेत, छंद आणि नाद. ‘त्याला वाचनाचा छंद आहे’ म्हणताना आवाज कौतुकाचा असतो, आणि ‘तो नादाला लागला’ म्हणताना काळजीचा. दोन्हींत मन गुंततंच. पण छंदातून उठलेला माणूस ताजा होऊन उठतो, नादातून उठलेला थकून, चिडून उठतो. हातातला मोबाईल दोन तासांनी खाली ठेवल्यावर आपण कसे असतो, यावरून ओळखावं तो काय आहे ते. मारुती चितमपल्ली वनखात्यात नोकरीला होते. नवेगावबांधच्या तलावाकाठी राहिले, रानातल्या माणसांना गुरू करून पाखरांची नावं, सवयी शिकले, आणि त्यातून मराठीला ‘पक्षिकोश’ मिळाला. नोकरी अनेकांनी केली. डोळे उघडे ठेवले म्हणून हे झालं. आपल्या लेकरांना सुटीत तलावाच्या पाळीवर घेऊन जा. हिवाळ्यात दूरदेशाहून बदकं येतात, नशीब असेल तर सारसाची जोडी दिसेल. हा छंद लागलेला पोरगा पाखरावर दगड उचलणार नाही. अहिंसेचा धडा वेगळा द्यावा लागणार नाही.

चौथा गुरू साप. अवधूतानं त्याच्यापासून एकटं राहणं, घराचा मोह न धरणं हे घेतलं. पण धानाच्या मुलखात सापाचा विषय निघाला की मला आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. रोवणी असो की कापणी, आपला शेतकरी चिखलात, धुऱ्यावर अनवाणी असतो. नाग, मण्यार, घोणस यांच्याशी गाठ पडते. मण्यार तर रात्री भुईवर झोपलेल्याला चावते आणि पुष्कळदा दुखतही नाही. समजा, घरात असं काही झालं. त्या घटकेला काय करता? आधी मांत्रिकाकडे, मग दुसऱ्या गावच्या जाणत्याकडे, आणि मान टाकल्यावर दवाखान्यात. भक्तहो, त्या दोन-तीन तासांतच जीव जातो.

कुणी म्हणेल, महाराज, गुरुचरित्रात तर मेलेला उठल्याच्या कथा आहेत, मग श्रद्धा ठेवायची नाही का? जरूर ठेवायची. पण कृपा ही गुरूनं द्यायची गोष्ट आहे, आपण परीक्षा म्हणून मागायची नव्हे. आपल्याच पवनीला वैनगंगेकाठी परमपूज्य वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी महाराजांनी 1909 चा चातुर्मास केला. महाराजांएवढा दत्तनिष्ठ कोण? तरी त्यांना आयुर्वेदाचं ज्ञान होतं आणि आजाऱ्याला ते औषधही सांगत. मंत्राचा अधिकार असणारा पुरुष औषधाला कमी लेखत नव्हता. मग अधिकार नसलेल्यांनी का लेखावं? जागतिक आरोग्य संघटनेनंही 2017 मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं, इतका हा गरीब शेतकऱ्याचा आजार आहे. सापाच्या विषावरचं औषध घोड्याच्या रक्तात तयार होतं. एका मुक्या जनावरानं दुसऱ्याचं विष सोसून आपल्यासाठी अमृत केलेलं आहे. ही दत्ताचीच कृपा नाही, असं कोण म्हणेल?

म्हणून लक्षात ठेवा. चावलेला हात-पाय हलवू नका. घट्ट बांधू नका, चिरू नका, तोंडानं ओढू नका. 108 वर फोन लावा, नाहीतर मिळेल त्या गाडीनं सरकारी दवाखाना गाठा. सापाला मारत-शोधत बसू नका, तो वेळ रोग्याचा आहे. आणि नामस्मरण? ते गाडीत बसल्यावर करा, अखंड करा. रोग्याला धीर येतो, आपलंही डोकं ठिकाणावर राहतं. श्रद्धेची जागा गाडीत रोग्याच्या शेजारी आहे. गाडीच्या वाटेत आडवी उभी राहते, तिला श्रद्धा म्हणू नये.

दत्तमंदिरात प्रदक्षिणा घालताना औदुंबराला हात लावता ना? त्याचं फूल कधी पाहिलंत? ‘उंबराचं फूल’ म्हणून आपण क्वचित दिसणाऱ्या पाहुण्याला हसतो. पण उंबराला फुलं असतात, शेकड्यांनी असतात. ती फळाच्या आत असतात, आणि एक बारीकशी माशी आत शिरून त्यांचं परागण करते. रोज पाया पडत होतो, आणि आतलं माहीत नव्हतं! अवधूतानं यदूला एवढंच शिकवलं, की नुसतं पाया पडू नको, पाहा.

या दत्तजयंतीला नैवेद्यासोबत एक संकल्पही ठेवूया. कुणी खर्रा सोडावा. कुणी गावच्या तलावावर महिन्यातून एक दिवस श्रमदान द्यावं. कुणी निर्माल्य नदीत न टाकता झाडाच्या बुंध्याशी घालावं. कुणी सर्पदंशाची ही चार वाक्यं मंदिराच्या फळ्यावर खडूनं लिहावी. एकाला एकच पुरे. पुढल्या मार्गशीर्षात पोथी उघडताना तो पाळला की नाही, हे विचारायला दुसरं कुणी लागणार नाही.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!