पाहण्याचे ऋण

गांबियाच्या किनाऱ्यावर सुट्टीसाठी आलेले प्रवासी एक दिवस नावेने नदीतील कुंता किंते बेट पाहून येतात. हे गुलामांच्या व्यापाराचे जुने ठाणे. २००३ पासून जागतिक वारसा. सकाळी तेथील भग्न किल्ला पाहावा नि सायंकाळी वाळूवर गाणे-बजावणे ऐकावे, हे शोभते काय? मला वाटते, दोष त्या गाण्यात नाही. डोळ्यांत पाणी आले म्हणजे ऋण फिटले, असे मानण्यात आहे. ज्या इंग्रजांनी येथून माणसे विकायला नेली, त्यांनीच १८०७ च्या कायद्यानंतर तो व्यापार अडविण्यासाठी नदीच्या मुखाशी तोफा बसविल्या. त्यांचे हेतू निर्भेळ नसतील. परंतु तोफा खऱ्या होत्या. अश्रूंनी कोणतेही जहाज अडत नाही.