बाहेरचं की आपलं?

बुलडाणा जिल्ह्यातल्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर होळीच्या सुमारास मोठी यात्रा भरते. सगळ्या धर्मांची माणसं येतात; ‘बाहेरची बाधा’ झाली म्हणून आणलेले आजारीही त्यांत असतात. मानसिक आजाराला डॉक्टर हवाच. पण त्या श्रद्धेतला प्रश्न खरा आहे: देहात जे वसलं, ते आपलं की परकं?

हाच प्रश्न प्रयोगशाळेतही भेटतो. परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. कमल रणदिवे यांनी उंदरांच्या स्तनकर्करोगात विषाणू आणि संप्रेरकं यांचं नातं शोधलं. हा रोग आईच्या दुधातून पिलांकडे जातो, हे अमेरिकेत जॉन बिटनर यांनी १९३६ साली दाखवलं होतं.

गाठीतली पेशी उंदराचीच, पण तिच्या पृष्ठभागावर विषाणूची प्रथिनं उमटतात आणि प्रतिकारशक्ती त्यांना परकं म्हणून ओळखू शकते. इथवर आप-पर सरळ वाटतं. मात्र काही उंदरांत हाच विषाणू पिढ्यान् पिढ्या जनुकांतच मुरलेला असतो. त्याच्या एका प्रथिनाला पिलाचा देह आपलं मानतो. त्याला प्रतिसाद देणाऱ्या, प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी थायमस ग्रंथीतच नष्ट होतात. दुधातून येणाऱ्या तशाच विषाणूला रुजायला नेमक्या त्याच पेशी लागतात. त्या नसल्यानं पिलू वाचतं! जुना शत्रू असा राखणदार होतो, तेव्हा शुद्ध ‘स्व’चा आग्रह धर्मानं तरी कशाच्या बळावर धरावा?

माणसाच्या जनुकसंचातही सुमारे ८ टक्के भाग प्राचीन विषाणूंचा आहे. वारेच्या घडणीला लागणारं सिन्सिटिन हे प्रथिन त्यांच्याकडूनच आलं.