'आत' की 'वर'?

रशियन शिकायला लागलं की पहिल्या काही आठवड्यांतच लक्षात येतं की या भाषेत 'कुठे' या प्रश्नासाठी दोन शब्द आहेत. 'ग्द्ये' म्हणजे कुठे आहेस आणि 'कुदा' म्हणजे कुठे निघालास. उत्तरातही तोच भेद असतो. 'व मस्क्वे' म्हणजे मॉस्कोत, 'व मस्क्वू' म्हणजे मॉस्कोला निघालेलं. नामाआधीचं अव्यय तेच राहतं, विभक्ती बदलते. आपण 'शाळेत आहे' आणि 'शाळेत जातो' दोन्हीकडे 'शाळेत'च म्हणतो आणि फरक क्रियापदावर सोपवतो.

दुसरा पेच अव्ययाचा. 'व' म्हणजे आत, 'ना' म्हणजे वर. बहुतेक देशांना 'व' लागतो: भारत, पोलंड, खुद्द रशिया. क्यूबासारख्या बेटांना 'ना'. कॉकेशस, उरल या प्रदेशांनाही 'ना'. यात थोडा तर्क आहे, बरीचशी सवय. आपणही कोकणात राहतो, पण देशावर. असं का, हे कोणी विचारत नाही.

युक्रेनला मात्र परंपरेने 'ना' लागत आला. 1991 साली देश स्वतंत्र झाला आणि 1993 मध्ये तिथल्या सरकारने आग्रह धरला की रशियनमध्येही आता 'व' म्हणावं. 'ना' म्हटलं की एखादा प्रांत, एखादा मुलूख वाटतो. 'व' म्हटलं की सीमा असलेला देश. रशियात मात्र प्रमाण रूप म्हणून 'ना'च टिकून राहिला.

'ना' म्हणणारा चुकतो का? त्याची बाजू कच्ची नाही. व्याकरण म्हणजे मत नव्हे. युक्रेनचे राष्ट्रकवी तरास शेवचेन्को यांनी 1845 सालच्या 'झापोवित' या कवितेत युक्रेनियन भाषेत 'ना'च वापरला आहे. त्यात अपमान शोधणं हास्यास्पद ठरेल. शिवाय एका देशाच्या सरकारने दुसऱ्यांच्या बोलण्यातली अव्ययं का ठरवावीत?

हे सगळं मान्य करूनही मला वाटतं की सवयीची निरागसता एका क्षणी संपते. ज्याच्याबद्दल बोलतो आहोत तो म्हणाला, 'मला हे खुपतं', की त्यानंतर तेच बोलणं नुसती सवय राहत नाही. आपल्याकडे 'तू' आणि 'तुम्ही' यांच्यामध्ये तिसरा शब्द नाही. समोरच्याने एकदा 'अरेतुरे करू नका' म्हटलं, तर पुढचा 'तू' आपण जाणूनबुजून म्हटलेला असतो. रशियनमध्येही या दोन अव्ययांच्या मधली तटस्थ जागा नाही. आणि फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाचं सैन्य त्या देशात घुसल्यापासून हा प्रश्न नुसत्या शिष्टाचाराचा उरलेला नाही.

पण म्हणून कानांनी माणसं तोलत बसणंही मला धोक्याचं वाटतं. खारकीव्हमध्ये पुष्कळांची घरची भाषा रशियनच आहे. तळघरात आसऱ्याला बसलेल्या एखाद्या आजीच्या तोंडून जन्मभराचा 'ना' निघाला, तर तिला कोण देशद्रोही म्हणणार? उलट 'व' नीट उच्चारून बाकी सगळ्यावर गप्प राहणारेही असतील. म्हणून हा नियम मी इतरांना लावणार नाही, स्वतःला लावेन. माझी ही शिकलेली भाषा आहे, सवयीची सबब माझ्याकडे नाही. वहीत मी 'व' लिहितो. पाठ्यपुस्तकात अजून 'ना' आहे.