दोन्ही पापण्या, एक शस्त्र

पन्नाशी उलटलेलीं सुशिक्षित माणसें हल्लीं डोळ्यांच्या वरच्या व खालच्या पापण्या एकाच बैठकींत शस्त्रवैद्याकडून नीट करून घेण्याचा विचार करूं लागलीं आहेत. या विचाराची थट्टा करणें सोपें आहे. आम्हांस ती करावीशी वाटत नाहीं.

वरच्या पापणीची कातडी सैल होऊन केसांवर लोंबूं लागली, म्हणजे दृष्टीचा वरचा भाग झांकला जातो. वाचतांना भुवया ताणून धराव्या लागतात व संध्याकाळीं कपाळ दुखतें. ही व्याधि होय, आणि तिचा उपाय कोणी दूषणार नाहीं. पापणीचे केस डोळ्यांत टोंचूं लागल्यास भुवईखालची यवाच्या आकाराची कातडी कापून ती जागा केसानें शिवावी, असें सुश्रुतानेंहि सांगितलें आहे. १८१८ सालीं फोन ग्रेफे या जर्मन शस्त्रवैद्यानें 'ब्लेफरोप्लास्टी' हा शब्द योजला, तो रोगानें बिघडलेल्या पापणीच्या दुरुस्तीसाठीं.

खालच्या पापणीचें तसें नाहीं. तेथील पडदा दुबळा होऊन मागची चरबी पुढें येते व फुगवटी दिसते, पण तिनें दृष्टीस अडथळा होत नाहीं. मग दोन्ही एकदम कां? तर भूल एकदांच, रजा एकदांच, डोळे काळेनिळे होऊन घरीं बसणें तेंहि एकदांच. पंढरपुरास निघालोंच आहों, तर सोलापुरी चादरीहि घेऊन येऊं, अशांतला हा प्रकार! गरजेच्या आडून इच्छा आंत शिरते, आणि काटकसर तिची शिफारस करते. धोका मात्र काटकसर जाणत नाहीं. खालची पापणी ओढली जाऊन डोळा नीट मिटेनासा होतो, कोरडा पडतो. क्वचित् डोळ्यामागें रक्तस्राव होऊन दृष्टीहि जाते. हा शेवटचा धोका वरच्या पापणीसहि आहे. पण तेथें तो दृष्टीसाठींच पत्करलेला असतो.

तथापि दुसऱ्या पक्षाचें एक म्हणणें आम्हांस खोडतां येत नाहीं. "मी दमलेली नसतें, तरी रोज चार जण विचारतात, झोंप झाली नाहीं का? माझें तोंडच माझ्याविषयीं खोटें सांगतें," असें एखादी शिक्षिका म्हणाली, तर तिला वृथाभिमानी कोणी म्हणावें? कलप लावणाऱ्या आणि कवळी बसविणाऱ्या आम्ही पुरुषांनीं तर मुळींच म्हणूं नये. त्याच फुगवट्या पुरुषाच्या तोंडावर असल्या, तर त्यास प्रौढ म्हणतात. तेव्हां खोटें तोंड सांगतें, कीं तें वाचणारे चुकीचें वाचतात, हा खरा प्रश्न आहे. आणि वाचणाऱ्यांची चूक सुधारण्यासाठीं तिनें आपली कातडी कां द्यावी, हें आम्हांस समजत नाहीं.

आमचें मत असें कीं, हे दोन निर्णय एका दिवशीं घेऊं नयेत. दृष्टि अडत असेल तर वरच्या पापणीचें काम करून घ्यावें, आणि खालचीस सहा महिने हात लावूं नये. खर्च वाढेल, हें आम्हांस मान्य आहे. त्या सहा महिन्यांत घरच्यांनीं आणि शाळेंतल्या मंडळींनीं "दमलांत का?" हें विचारणें तेवढें बंद करून पाहावें, आणि त्यानंतर काय तें त्या बाईंनींच ठरवावें.