गटाराची जाळी

बुकित बातोक या मलय नावाचा शब्दशः अर्थ ‘खोकल्याची टेकडी’. इथे पूर्वी ग्रॅनाइटच्या खाणी होत्या, सुरुंगांच्या आवाजावरून टेकडी खोकते असं लोक म्हणू लागले, अशी एक कथा सांगतात. नावाची आणखीही स्पष्टीकरणं आहेत. मला हेच आवडतं, कारण या वस्तीतली पहिली अकरा वर्षं मीही खोकतच काढली. दिवसाला आठ-दहा सिगरेटी. लेख मात्र धुराबद्दल नाही. सिगरेट संपल्यावर बोटांत जे उरतं, त्या थोटकाबद्दल आहे.

पुण्यात असताना थोटकाचा विचार करायची वेळच आली नाही. टपरीपाशी शेवटचा झुरका मारायचा, थोटूक खाली टाकायचं, चपलेने चिरडायचं आणि चहाचे पैसे द्यायचे. सिंगापुरात आल्यावर महिन्याभरात सुधारलो. पहिल्यांदा कचरा टाकताना सापडलात तर 300 डॉलर दंड, हे कळल्यावर कोण सुधारणार नाही? जानेवारी 2015 मध्ये इथली एक बातमी खूप गाजली. एका माणसाने घराच्या खिडकीतून चार दिवसांत 34 थोटकं खाली टाकली, ती कॅमेऱ्यात सापडली आणि त्याला 19,800 डॉलर दंड झाला. शिवाय झगझगीत रंगाचा अंगरखा घालून पाच तास सार्वजनिक जागा साफ करायची शिक्षा. मी ती बातमी पुण्यातल्या मित्रांना पाठवली आणि खाली लिहिलं, ‘याला म्हणतात देश’. त्या माणसाला मनसोक्त हसलो. मी कधी खिडकीतून थोटूक टाकलं नव्हतं. रस्त्यावरही नाही.

मी गटारात टाकायचो.

इमारतीखालच्या मोकळ्या तळमजल्यावर 2013 पासून सिगरेट ओढायला बंदी आहे, 2022 पासून बागांमध्येही. त्यामुळे आमचा अड्डा गाड्यांच्या तळाच्या कडेला, पावसाळी गटाराशेजारी. गटारावर लोखंडी जाळी. तीस पावलांवर कचरापेटी, तिच्या डोक्यावर राखदाणी. पण जाळीच्या फटीतून थोटूक सोडलं की ते दिसेनासं होतं. रस्ता स्वच्छ, गवत स्वच्छ, कुणाच्या डोळ्यांना त्रास नाही. मी याला सभ्यपणा समजत होतो. खरंच समजत होतो.

एका सकाळी वस्तीतले सफाईवाले अंकल ती जाळी उचलून, वाकून, लांब चिमट्याने एकेक थोटूक पिशवीत टाकत होते. आभाळ भरून आलं होतं. एवढी घाई कशाला, असं मी उगाच विचारलं. त्यांनी चिमट्याने आधी आभाळाकडे आणि मग गटाराच्या उताराकडे दाखवलं. पाऊस आला की सगळं जातं, म्हणाले. कुठे जातं, हे विचारायची मला त्या क्षणी लाज वाटली. घरी येऊन शोधलं.

इथे सांडपाण्याच्या वाहिन्या वेगळ्या आणि पावसाच्या पाण्याची गटारं वेगळी. सांडपाणी प्रक्रियेला जातं. गटारातलं पाणी मात्र कालव्यातून जलाशयाकडे किंवा समुद्राकडे जातं. या बेटाच्या जवळजवळ दोन-तृतीयांश जमिनीवर पडणारा पाऊस पिण्यासाठी साठवला जातो. म्हणजे सगळ्या वस्तीत थोटूक टाकायला सर्वांत वाईट जागा मी निवडली होती, आणि ती निवडली होती लोकलाजेमुळे. आपल्या नळाला येणारं पाणी शुद्ध होऊन येतं, त्यामुळे माझं काही बिघडत नव्हतं. कालव्यातल्या माशांना आणि काठावर ऊन खात पडलेल्या घोरपडींना शुद्धीकरण केंद्र नसतं.

थोटूक कापसासारखं दिसतं, पण तो कापूस नव्हे. सेल्युलोज अ‍ॅसिटेट नावाच्या प्लॅस्टिकचे हजारो बारीक धागे असतात ते. कुजायला वर्षानुवर्षं लागतात. तोवर त्यात अडकलेलं निकोटीन, जड धातू आणि इतर विषं पाण्यात उतरतात. सॅन डिएगोमधल्या संशोधकांनी 2011 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लिटरभर पाण्यामागे एक ओढलेलं थोटूक, या प्रमाणात भिजवलेल्या पाण्यात चार दिवसांत निम्मे मासे मेले. उरलेला तंबाखू काढून नुसता फिल्टर भिजवला तरी मेले, फक्त थोटकं जास्त लागली. जलाशय म्हणजे लिटरभर पाणी नव्हे. माझ्या एका थोटकाने अमुक मासा मेला असं मी म्हणत नाही, कुणीच म्हणू शकणार नाही. अडचण नेमकी तीच आहे. माझा वाटा इतका लहान, की तो कधीच माझ्यापर्यंत परत येत नाही. दिवसाला आठ धरले तरी अकरा वर्षांत बत्तीस हजार होतात. त्यातले निम्मे राखदाणीत गेले असं मोठ्या मनाने धरू. उरले सोळा हजार.

माशांपेक्षा मला मेक्सिको सिटीतल्या चिमण्यांनी जास्त छळलं. तिथे चिमण्या आणि फिंच पक्षी घरट्याच्या अस्तरात थोटकांचे धागे वापरतात. 2013 मध्ये संशोधकांना आढळलं की ज्या घरट्यांत हे धागे जास्त, तिथे पिल्लांचं रक्त पिणारे किडे कमी. निकोटीन कीटकनाशकच ना शेवटी. वाचून बरं वाटलं, चला, कुणाच्या तरी उपयोगी पडलं. पुढच्याच वर्षी त्या मंडळींनी पिल्लांचं रक्त तपासलं. धागे जास्त, तिथे रक्तपेशींत जनुकीय बिघाडही जास्त. आई मऊ, उबदार, किडे पळवणारी वस्तू शोधून आणते. तिला तिच्यापुरतं सगळं बरोबर दिसतं. तिला कळायला मार्ग नाही. मला होता. गटाराचं पाणी कुठे जातं हे शोधायला त्या दिवशी मला फोनवर दोन मिनिटं लागली होती. अकरा वर्षांत ती दोन मिनिटं मला मिळाली नाहीत.

माझे आजोबा सिन्नरला विडी ओढायचे. थोटूक अंगणात भिरकवायचे. तेंदूचं पान, चिमूटभर तंबाखू आणि दोरा. एका पावसाळ्यात मातीत मिसळायचं. विडी निरुपद्रवी होती असं नव्हे, आजोबांच्या छातीला विचारा. पण भिरकावण्याची ती लकब आम्ही वारशाने घेतली आणि हातातली वस्तू मात्र बदलली होती. ती बदलली 1950 च्या दशकात. सिगरेट आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध उघड झाल्यावर लोक घाबरले, आणि त्यांना धीर द्यायला कंपन्यांनी फिल्टर पुढे केला. त्याने कर्करोग टळला नाही. ओढणारे अधिक खोल झुरके घेऊ लागले. म्हणजे हे प्लॅस्टिक ज्यासाठी आहे ते कामही करत नाही. आपल्या समाधानासाठी ते तिथे आहे. भारताने जुलै 2022 मध्ये एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकवर बंदी घातली, तेव्हा सिगरेटच्या पाकिटावरचा पातळ कागद त्या यादीत आला. आतल्या वीस सिगरेटींच्या बुडाशी असलेलं प्लॅस्टिक राहिलं! तेव्हा दोष एकट्या ओढणाऱ्याचा नाही, हे मला मान्य आहे. पण कंपनीने माझ्या हातात दिलेलं थोटूक जाळीतून सोडणारी बोटं माझीच होती.

लहानपणी कनकदासांची गोष्ट ऐकली होती. गुरू शिष्यांना केळी देतात आणि सांगतात, कुणी बघत नसेल तिथे जाऊन खा. सगळे खाऊन येतात. कनकदास केळं तसंच परत आणतात, कारण देव बघत नाही अशी जागा त्यांना सापडत नाही. इथे देवाचं काम बरंचसं कॅमेऱ्याने सांभाळलं आहे, आणि उत्तम सांभाळलं आहे. मी टोमणा मारत नाही. माझ्यासारख्याला शिस्त दंडानेच लावली. पण दंडाने मला थोटूक टाकू नको हे शिकवलंच नाही. दिसेल असं टाकू नको, एवढंच शिकवलं. कॅमेरा खिडक्यांवर होता, जाळीवर नव्हता, आणि मला जाळी सापडली. पुण्यातला मी निदान उघडपणे टाकत होतो.

सिगरेट चार वर्षांपूर्वी सुटली. माशांमुळे नव्हे. डॉक्टरांनी क्ष-किरणाचा फोटो उजेडावर धरून दाखवला, त्यामुळे. तेव्हा सुधारल्याचं श्रेय घ्यायची सोय नाही.

गेल्या महिन्यात आमच्याच इमारतीत नागपूरचा एक मुलगा राहायला आला. संध्याकाळी तो जाळीपाशी उभा होता. मी पोचेपर्यंत त्याने थोटूक आत सोडलंही. मी म्हटलं, “बाळा, तिथे नको टाकूस.” त्याने चमकून आजूबाजूला, वर, कॅमेरा कुठे आहे ते पाहिलं.

“पण काका, रस्त्यावर नाही टाकलं मी,” तो म्हणाला. “गटारातच तर टाकलं.”

मी त्याला कालव्यापर्यंत चालत घेऊन गेलो. पाऊस येऊन गेला होता. पाण्यावर पानं होती, एक बाटली होती, आणि काठाच्या शेवाळाला चिकटलेली सात-आठ थोटकं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “यातली माझी किती असतील?”